चढावरची मिनिटं

त्या सकाळी चढावर एका बसनं त्याला मागे टाकलं. तसं पाहिलं तर यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. सव्वीस वर्षं तो शहराच्या बससेवेच्या कचेरीत वेळापत्रकं लावत आला होता. कुठली बस कुठून कितीला सुटावी, पुढच्या थांब्यावर कितीला पोचावी, मध्ये किती सेकंद उभी राहावी, हे ठरवणं हेच त्याचं काम. त्यानंच लावलेल्या वेळेवर एक बस धावत असेल तर त्याला बरंच वाटायला हवं होतं. पण ती बस शेजारून अशी सावकाश वर सरकत गेली, की तिचं एकेक चाक त्याला मोजता आलं, आणि खिडकीतल्या एका बाईनं खाली पाहिलं. त्याची गाडी इतकी बुटकी होती, की बसमधलं कुणीही तिच्याकडे विहिरीत डोकावल्यासारखं पाही. बाईच्या नजरेत कीव नव्हती, हसू नव्हतं. शेगडीवरचं दूध वर आलं का हे बघावं तितपत तिनं बघितलं आणि मान वळवली. त्यानं पाय दाबला. एक्सिलरेटर तळाला टेकला, इंजिन घसा ताणून ओरडायला लागलं, आणि वेग होता तेवढाच राहिला. पायाखाली आता नुसता पत्रा होता. पाय तळाला टेकलाय आणि त्याच्यापुढे काही नाही, हे त्याला ओळखीचं होतं. आठ महिन्यांपूर्वी, याच चढावर, याच पायाला ते कळलं होतं. कचेरीच्या आवारात गाडी लावल्यावर गिअरच्या दांड्यावरचा हात त्याला दुसऱ्या हातानं सोडवावा लागला.

टेबलाशी बसल्यावर तो शेजारच्या कारकुनाला म्हणाला, "गाडीचं काहीतरी करायला हवं." कारकून मान वर न करता म्हणाला, "विकून मोकळे व्हा." त्यावर तो म्हणाला, "विकायची नाही. पळवायची." कारकुनानं आता मान वर केली. कचेरीत सगळे त्याला सेकंदकाटा म्हणत, त्याच्या तोंडावरसुद्धा, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. सेकंदकाट्याला गाडी पळवायचीय ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचली होती.

गाडी तीस वर्षांची होती. दोनच सीटा, लांब नाक, मागे उतरतं छप्पर, बाटलीचा असतो तसा हिरवा रंग, आता ठिकठिकाणी विटलेला. उभी असली की वाटे, आत्ता झेप घेईल. प्रत्यक्षात तिच्या त्या लांब नाकाखाली एका साध्या घरगुती गाडीचं इंजिन बसवलेलं होतं, कारण बनवणाऱ्यांना ती लोकांनी बघावी एवढंच हवं होतं, चालवायची लोकांची हौस किती असते हे त्यांना ठाऊक असावं. त्यानं ती अकरा वर्षांपूर्वी घेतली तेव्हा बायको दारातून बाहेर येऊन तिच्याभोवती एक चक्कर मारून आली होती. ती पडदे आणि सोफ्यांची कव्हरं शिवायची. कुठल्याही वस्तूला आधी डोळ्यांनी माप लावायची सवय. "दोन सीटा," ती म्हणाली होती. "म्हणजे लेकीला घरी ठेवून यायचं." लेक तेव्हा सतरा वर्षांची होती आणि आईबापांबरोबर कुठेही जायला राजी नव्हती, म्हणून सगळे हसले होते. पहिल्या चकरेत चढ लागला तेव्हा बायकोनं डॅशबोर्डावर हात ठेवला, गाय थोपटावी तसा, आणि म्हणाली, "अहो, हिच्यापेक्षा माझं मशीन जोरात पळतं." पुढे मग तो घरातला कायमचा विनोद झाला. बाहेर निघायचं असलं की ती विचारी, "शोभेच्या गाडीनं जायचं, की पोचायचंय?"

त्या दिवशी पोचायचं होतं. हे वाक्य मनात आलं की तो दुसऱ्या कशाकडे तरी वळे. बाकीचा दिवस त्यानं इतक्या वेळा सांगितला होता की तो आता गुळगुळीत झाला होता. रविवार, सकाळ. तिच्या हाताला कळ, छातीवर ओझं. गाडीत बसवलं, निघालो. चढावर गाडी ओढेना. दुसऱ्या गिअरमध्ये रांगत गेलो. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. एवढंच. लेकीला त्यानं हे फोनवर सांगितलं, मग ती आल्यावर समोर बसून सांगितलं, मेव्हण्याला सांगितलं, शेजाऱ्यांना, कचेरीत. प्रत्येकानं ऐकून झाल्यावर दाराबाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे एकदा बघितलं होतं. मेव्हणा तर जाताना तिच्या चाकाला बुटाचं टोक मारून गेला. लेक परगावी हवामानखात्यात नोकरीला होती; तिचा दर रविवारी फोन येई आणि शेवटी ती न चुकता विचारी, "गाडी विकलीत?" तो म्हणे, "बघतोय." ती म्हणे, "बघा."

जुन्या गाड्यांचा वेग वाढवून देणारा माणूस त्याला एका बसचालकानं सुचवला. जुन्या छापखान्याच्या मागे पत्र्याची लांब शेड होती आणि तिच्यात सत्तरीचा एक माणूस चष्मा कपाळावर चढवून एकटा काम करायचा. पूर्वी तांत्रिक शाळेत लेथ शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांनी गाडीचं बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि लग्नाच्या वयाच्या मुलीचा फोटो बघून परत द्यावा तसं ते अलगद बंद केलं.

"किती पळवायची?"

"चढावर बसच्या पुढे राहिली पाहिजे."

"कुठल्या चढावर?"

"हॉस्पिटलच्या."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग बसचं वेळापत्रक बदला की. तुमच्याच हातात आहे म्हणे." मास्तर हसले नाहीत. त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "बरं. पण आधी ब्रेक नवे घालायचे. पळायला लागलेली गाडी थांबली नाही, तर तुम्ही मला शिव्या द्याल, देण्याच्या स्थितीत असलात तर."

असं ते सुरू झालं. कचेरी सुटली की तो शेडकडे जाई आणि अंधार पडायच्या आत घरी परते. मास्तर बोलत थोडं, पण जे करत ते समजावून करत. शिकवायची खोड गेली नव्हती. गाडीला जोर द्यायचे दोन रस्ते, ते म्हणाले, एक तर इंजिनाला जास्त खायला-प्यायला घाला, नाहीतर तिच्या पाठीवरचं ओझं उतरवा. आधी त्यांनी सिलिंडरचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढून टेबलावर उलटं ठेवलं. चार खळगे, काजळी धरलेले. याचा तळ मिलिमीटरभर खरवडायचा, म्हणजे आतली जागा कमी होते, पेट्रोल आणि हवा जास्त दाबली जाते. "दाबलं की जोर येतो," मास्तर म्हणाले, आणि तो खळग्यांकडे बघत राहिला. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय, असं ती म्हणाली होती. कुणीतरी म्हणजे कोण, असं त्यानं विचारलं होतं. गमतीनं. "आत बोट घाला," मास्तर सांगत होते. हवा आत जायची वाट ओतकामात खडबडीत राहिलेली असते. बोटाला वाळूसारखं लागत होतं. "इथून ती श्वास घेते. तीस वर्षं बिचारी अशा नाकानं श्वास घेतेय. हे आपण घासून गुळगुळीत करायचं." ते काम मास्तरांनी त्याच्यावरच सोपवलं. पंधरा-वीस संध्याकाळी तो काठीला गुंडाळलेल्या पॉलिशपेपरनं ती वाट घासत बसला. घासताना हाताला एक लय लागे आणि डोक्यात काही येत नसे, किंवा जे येई ते लांबून येई: शेजारच्या खोलीतून मशीनचा आवाज, मध्येच थांबणारा, कापड फिरवून घेतल्यावर परत सुटणारा; तिच्या तोंडात धरलेल्या टाचण्या आणि त्या धरूनच बोलण्याची तिची तऱ्हा, ज्यामुळे लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं तो तिची अर्धी वाक्यं चुकीची समजत असे. टाचण्या काढून बोल, असं तो म्हणे. मग ती टाचण्या काढी आणि म्हणे, आता विसरले काय ते.

नवा कॅमशाफ्ट आला, म्हणजे व्हॉल्व्ह आधी उघडणारा आणि उशिरा मिटणारा. पेट्रोल आणि हवा कालवणारे कार्ब्युरेटर एकाच्या जागी दोन आले. एक्झॉस्टची नळी रुंद झाली. कारकून रोज विचारी, "काय सेकंदकाटे, कुठवर आली?" आणि तो खरंच सांगे, कुठवर आली ते. इतकं तो बायको गेल्यापासून कशाबद्दलही बोलला नव्हता. घरी आल्यावर हाताला तेलाचा वास येई आणि तो मुद्दाम हात न धुता तसाच बसून राही. नळाखाली हात धरायचा त्याला कंटाळा होता असं तो स्वतःला सांगे. रविवारी लेकीचा फोन आला की तो म्हणे, बरं चाललंय. गाडीचं तिला सांगितलं नव्हतं. एका रविवारी तो शेडमध्येच होता, मागे मास्तर हातोडा मारत होते आणि तिनं विचारलं, "कुठे आहात?" तो म्हणाला, "दुरुस्तीला दिलीय गाडी." ती म्हणाली, "विकायच्या आधी दुरुस्त कशाला करायची?" तिनं थोडी वाट बघितली आणि फोन ठेवला.

मग ओझं उतरवायची पाळी आली. स्टेपनी गेली, हीटर गेला, दारांच्या आतले जाड पुठ्ठे गेले. एका संध्याकाळी मास्तर गाडीत वाकून म्हणाले, "ही शेजारची सीट सतरा किलो भरेल. तुम्ही एकटेच असता ना गाडीत?" तो हो म्हणाला. चार बोल्ट होते. मास्तरांनी पाना त्याच्या हातात दिला. त्या सीटेचं कव्हर तिनं शिवलं होतं, एका नाट्यगृहाच्या पडद्यातून उरलेल्या जाड किरमिजी कापडाचं; दोन्ही सीटांना पुरलं नाही म्हणून त्याच्या सीटेला मागच्या बाजूला दुसऱ्या कापडाची पट्टी होती, आणि तिच्या सीटेला अखंड. "चालवणाऱ्याची पाठ कोण बघतंय," असं तिचं म्हणणं. तिसरा बोल्ट गंजला होता. तेल सोडून वाट बघावी लागली. सीट उचलली तेव्हा तिच्याखालचा गालिचा दिसला, गडद हिरवा, नवाकोरा. गाडीतला बाकी सगळा गालिचा उन्हानं करडा झाला होता, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या चौकोनात काही सापडलं नाही. काहीतरी सापडेल असं त्याला वाटलं होतं, हे काही सापडलं नाही तेव्हा त्याला कळलं. तो उकिडवा बसून त्या हिरव्या चौकोनाकडे बघत राहिला. मास्तर चहाचे कप विसळायला बाहेर गेले आणि दोन कप विसळायला लागतो त्याहून बराच वेळ घेऊन परत आले.

सीट त्यानं घरी आणली आणि मशीनच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवली. एकदा तो तिच्यात बसला. जमिनीवर ठेवलेली सीट. त्यात बसल्यावर टेबल उंच, मशीन उंच, खिडकी तर आभाळात. इतक्या खालून ती दहाएक वर्षं रस्ता बघत होती. बसमधल्या लोकांनी तिच्याकडे बघितलं की तीही मान वर करून बघे आणि कधीकधी हात हलवी. त्याला लाज वाटे. आता मशीनच्या पायपट्टीकडे बघत तो तिथेच बसून राहिला आणि पाय बधिर झाल्यावर उठला.

गाडी तयार झाली तेव्हा मास्तरांनी स्वतः चालवून बघितली नाही. "तुमचा चढ, तुम्ही बघा," म्हणाले. रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला तो घरातून निघाला. शेजारी सीटेच्या जागी रिकामा चौकोन. मांडीवर कचेरीतलं सेकंद मोजायचं घड्याळ, शहरातले सगळे रस्ते त्यानं ज्याच्यावर मोजले होते ते. चढाच्या पायथ्याशी त्यानं गिअर टाकला, पाय दाबला, आणि गाडीनं त्याला मागे ढकललं. खरोखर ढकललं, डोकं सीटेला टेकलं. पायाखाली पत्रा आलाच नाही, पुढे अजून होतं, आणखी होतं. आवाजही निराळा, भरलेला. बाजूची झाडं, भिंत, पाण्याची टाकी, सगळं मागे फेकलं जात होतं आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला, जो हसण्याचा असावा. माथ्यावर त्यानं घड्याळ बघितलं. पूर्वी या चढाला तीन मिनिटं दहा सेकंद लागत. आता एक मिनिट पन्नास. पुढे उतार, दोन सिग्नल, डावीकडे वळण, हॉस्पिटलचं फाटक. घरापासून तिथवर पूर्वी तेवीस मिनिटं लागत. आता लागली साडेएकवीस. सिग्नलला नवं इंजिन काय आणि जुनं काय.

दीड मिनिट. फाटकासमोर गाडी उभी करून तो त्या आकड्याकडे बघत बसला. त्याला हे आधीपासून ठाऊक होतं. मास्तरांकडे जायच्या आधीपासून, बसमधल्या त्या बाईनं मान वळवली त्याच्याही आधीपासून. कचेरीत नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी हे शिकवत असे, की बसला उशीर रस्त्यावर होत नाही, थांब्यावर होतो. बस पळवून काही मिळत नाही, ती सुटते कधी ते बघा. सव्वीस वर्षं तो हे शिकवत होता. हॉस्पिटलात त्या तरुण डॉक्टरनं हातमोजे काढत म्हटलं होतं, "अर्धा-पाऊण तास आधी आला असतात तर काही करता आलं असतं," आणि ते वाक्य पुरतं संपायच्या आत त्याचं तोंड उघडलं होतं आणि त्यातून शब्द बाहेर पडले होते: "चढावर गाडी ओढत नाही हो." डॉक्टरनं मान डोलावली. तेवढ्यानं ते खरं झालं.

त्या सकाळी तो गाडीचे प्लग साफ करत होता. चार प्लग. ती दारात येऊन म्हणाली होती, "अहो, हात फार दुखतोय, दाखवून येऊ या का?" तो म्हणाला, "प्लग बसवतो, मग निघू." तिला घाई दिसली नाही. म्हणजे तिनं घाई दाखवली नाही. ती आत गेली, कपडे बदलून, केस विंचरून आली आणि पायरीवर बसली. त्यानं एकेक प्लग ताराच्या ब्रशनं घासला, फुंकला, पातळ पट्टीनं त्याची फट मोजली. अर्धवट काम त्याला जमत नसे. दुसऱ्या प्लगची फट जुळेना, तेव्हा त्यानं ती तीनदा केली. पायरीवरून काहीतरी बोलण्याचा आवाज येत होता, ती फोनवर असावी. मग त्यानं हात धुतले. तेल निघेना म्हणून परत साबण लावला. नखं घासली. हॉस्पिटलात जायचं तर हात स्वच्छ हवेत, असं त्याच्या मनात आलं होतं, हे त्याला लख्ख आठवत होतं. ती म्हणाली तेव्हापासून गाडी सुरू होईपर्यंत चाळीस मिनिटं. हा आकडा त्यानं कुणाला सांगितला नव्हता, आणि स्वतःलाही आकड्यात आजच सांगितला. नंतर चढावर, गाडी रांगत असताना, तिनं डॅशबोर्डावर हात ठेवून म्हटलं होतं, "आज तरी पळ गं बाई." ते ती गाडीला म्हणाली होती. गाडीलाच.

पुढच्या आठवड्यात लेक आली. न कळवता आली. दाराशी बॅग ठेवून ती आधी गाडीच्या काचेला कपाळ लावून आत बघायला लागली. "आईची सीट कुठंय?"

"घरात आहे. वजन कमी करायला काढली."

"कशाला?"

"पळावी म्हणून."

ती त्याच्याकडे वळली. तिची हनुवटी आईची होती. राग आला की आत जायची. "मला बसायचंय," ती म्हणाली. "फिरवून आणा मला. चढावर."

सीट परत बसवायला अर्धा तास लागला. लेकीनं बोल्ट एकेक करून त्याच्या हातात दिले. चढ लागला, त्यानं पाय दाबला, आणि गाडीनं दोघांनाही मागे ढकललं. लेकीनं दाराचं हँडल घट्ट धरलं. माथ्यावर रस्त्याच्या कडेला थोडी रुंद जागा होती, तिथे ती म्हणाली, "थांबवा." त्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. समोर खाली सगळं शहर होतं, छपरं, दोन धुराडी, हॉस्पिटलची लांब पांढरी इमारत.

"आता ओढते," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता.

"हो."

"तेव्हा अशी असती तर."

तिनं त्याला सुटायची वाट करून दिली होती. इतके महिने सगळ्यांनीच ती करून दिली होती, आणि आता हो म्हटलं की तो पलीकडे. त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. नखांत काळं तेल होतं. "तरी दीड मिनिटच वाचलं असतं," तो म्हणाला. "मी मोजलंय. बाळा, उशीर चढावर झाला नाही. घरी झाला. ती मला म्हणाली, दाखवून येऊ या, आणि मी प्लग साफ करत बसलो. चाळीस मिनिटं. ती कपडे करून पायरीवर बसली होती. मी दोनदा हात धुतले."

बोलून झाल्यावर काहीतरी होईल असं त्याला वाटलं होतं. लेक ओरडेल, दार उघडून उतरेल. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

त्याला आधी ते कळलंच नाही. "काय माहीत आहे?"

"आईनं मला फोन केला होता. पायरीवरून. अकरा मिनिटं बोललो आम्ही, फोनवर आकडा आहे अजून. म्हणाली, बाबा प्लग साफ करतायत, मग आम्ही डॉक्टरकडे जाणार. हात दुखतोय म्हणाली. मी म्हटलं, मशीनवर बसतेस किती तू, दुखणारच. ती म्हणाली, असेल." लेकीनं हात मांडीखाली घेतले. "मी असं नाही म्हटलं, की बाबांना दे फोन. नाही म्हटलं, की आत्ता ऊठ. मी तिला माझ्या घरमालकिणीची तक्रार सांगत बसले."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही म्हणालात, चढावर गाडी ओढली नाही. मी म्हटलं, बरं. मलाही ते बरं पडत होतं, बाबा. दर रविवारी मी विचारायचे ना, गाडी विकलीत का. मला वाटायचं, गाडी गेली म्हणजे संपेल. आणि वाटायचं, आज तरी तुम्ही सांगाल. सांगितलंत तर मलाही सांगावं लागेल, म्हणून सांगू नका असंही वाटायचं."

खालून एक गाडी चढून आली, त्यांच्या शेजारून गेली, आवाज उतारावर विरून गेला. त्याला लेकीचा हात धरावासा वाटला, पण मध्ये गिअरचा दांडा होता आणि त्याचे हात तेलकट होते, आणि तिनं तिचे हात मांडीखाली घेतले होते, लहानपणी थंडीत घ्यायची तसे. सीटेचं किरमिजी कापड तिच्या गुडघ्यांमागे थोडं चुरगळलं होतं.

"आणखी काय म्हणाली ती?" त्यानं विचारलं.

लेकीनं नाक पुसलं. "म्हणाली, तुझे बाबा एकेक प्लग पुसतायत, तान्ह्या बाळाचं नाक पुसावं तसं. म्हणाली, बघत राहावंसं वाटतं."

"हसत होती?"

"हसत होती."

हे ती सुरुवातीला म्हणाली, की शेवटी, हे त्याला विचारायचं होतं. अकरांतल्या कितव्या मिनिटाला. हात दुखतोय हे म्हणाली त्याच्या आधी, की नंतर. सव्वीस वर्षांच्या सवयीनं प्रश्न ओठांपर्यंत आला. लेकीचे खांदे हलत होते आणि तिनं तोंड काचेकडे केलं होतं. त्यानं विचारलं नाही. गाडीच्या नाकाखालचं तापलेलं लोखंड निवताना टिकटिकत होतं, मग तेही थांबलं. दोघं तिथे बसून राहिली. किती वेळ, ते त्यानं बघितलं नाही.